सकाळी किती मिनिटे? : फॅमिली डॉक्टरांना एक खुले पत्र

प्रति,
दुखणाऱ्या सांध्याला सर्वांत आधी हात लावणारे सर्व फॅमिली डॉक्टर यांस

विषय : सांध्यांचा दाह आणि पहिल्या भेटीत विचारायचा राहून जाणारा प्रश्न

स. न. वि. वि.

गेली २२ वर्षे मी मुद्रितशोधनाचे काम करते आहे आणि त्यांपैकी शेवटची सहा वर्षे मला आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. पहिल्यांदा बोटे सुजली तेव्हापासून या आजाराचे नाव माझ्या कागदावर लिहिले जाईपर्यंत १३ महिने गेले. त्या काळात मी चार डॉक्टरांकडे गेले. चौघेही सभ्य होते, चौघांनीही माझे म्हणणे ऐकून घेतले आणि चौघांच्याही गोळ्यांनी मला थोडेफार बरे वाटले. त्यामुळे हे पत्र म्हणजे कोणा एकाविरुद्धची तक्रार समजू नये. एकाच्या हातून चूक झाली असती तर मी ती केव्हाच विसरले असते. पण चार जाणकार माणसांकडून नेमका तोच प्रश्न विचारायचा राहतो तेव्हा ती सवयीची बाब असते, असे मला वाटते, आणि सवयीबद्दल बोलायचे तर ते सर्वांशीच बोलावे लागते.

सुरुवात अगदी क्षुल्लक गोष्टीने झाली. एका सकाळी टूथपेस्टचे झाकण फिरवता येईना. हात अवघडला असेल, असे समजून मी सोडून दिले. मग कुलपात किल्ली फिरेना, बटणे लागेनात, आणि मूठ वळायला गेले की बोटांची टोके तळहातापासून दोन इंचांवर येऊन थांबत. गरम पाण्यात हात बुडवून बोटे हळूहळू हलवत राहिले की नऊच्या सुमारास हात ‘सुटायचा’, आणि अकरा वाजता मी दवाखान्यात पोहोचायची तेव्हा तो बऱ्यापैकी माझ्या ताब्यात आलेला असायचा. गल्लत इथूनच सुरू होते. दवाखान्याची वेळ आणि या आजाराची वेळ जुळत नाही. डॉक्टरांना दिसतो तो अकरा वाजताचा हात. पहाटे सहाचा हात कोणी पाहिलेला नसतो, आणि कोणी विचारले नाही तर रुग्णही तो नीट वर्णन करून सांगत नाही.

पहिल्या डॉक्टरांनी माझा व्यवसाय विचारला आणि दिवसभर पेन्सिल धरल्यामुळे बोटांवर ताण येतो, असे सांगितले. मलाही ते पटले. वास्तविक डावा हातही तितकाच दुखत होता, आणि डाव्या हाताने मी आयुष्यात एक ओळ लिहिलेली नाही. उजव्या हाताचे कारण सापडल्यावर डाव्याचे गाऱ्हाणे सांगणे मला बावळटपणाचे वाटले, म्हणून मी गप्प राहिले. त्यांनीही डावा हात मागितला नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाईपर्यंत रात्री अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या येऊ लागल्या होत्या, म्हणून मनगटातली नस दबते आहे, असे ठरले आणि पट्टा मिळाला. नस दबत होती हे खरेच होते. ती का दबते, हा प्रश्न मात्र पट्ट्याखाली झाकला गेला. तिसऱ्यांनी वय विचारून रजोनिवृत्ती आणि कॅल्शियम यांवर बोट ठेवले. चौथ्यांनी रक्त तपासले, आर. ए. फॅक्टर निगेटिव्ह आला आणि ‘संधिवात नाही, काळजी करू नका’ असे म्हणून त्यांनी मला हसतमुखाने निरोप दिला.

त्यानंतर तीन महिन्यांनी त्याच दवाखान्यात दोन दिवसांसाठी बदली बसलेल्या एका तरुण डॉक्टरांनी माझा हात हातात घेण्याआधी विचारले, ‘सकाळी उठल्यावर हात मोकळा व्हायला किती मिनिटे लागतात?’ मी म्हटले, दीड तास. मग त्यांनी बोटांच्या मुळाशी असलेल्या चार गाठी दोन्ही बाजूंनी एकत्र दाबल्या, हस्तांदोलन करताना दाबल्या जातात तशा, आणि मी खुर्चीतून उठले. तोच प्रयोग त्यांनी डाव्या हातावर केला, मग दोन्ही पावलांच्या चवड्यांवर केला. सगळे मिळून दोन मिनिटे लागली असतील. त्यांनी तिथल्या तिथे संधिवाततज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहिली.

मुद्रितशोधकाला एक खोड असते. वाक्याचा अर्थ लागत असला तरी शब्द चुकीचा असेल तर त्याची पेन्सिल थांबते. माझी पेन्सिल ‘संधिवात’ या शब्दापाशी थांबते. झिजलेल्या गुडघ्याला आपण संधिवात म्हणतो, पायाच्या अंगठ्यात भडकणाऱ्या गाउटला संधिवात म्हणतो, खांदा वर जात नसला तरी संधिवातच म्हणतो. आयुर्वेदाने आमवात, संधिगतवात आणि वातरक्त अशी निरनिराळी नावे ठेवलेली आहेत. रोजच्या बोलण्यात ती सगळी एकाच शब्दात बुडून गेली. युरोपातही फारसे वेगळे नव्हते. आल्फ्रेड गॅरॉड या इंग्रज डॉक्टरांनी १८५९ मध्ये गाउटपासून वेगळा ओळखता यावा म्हणून या आजाराला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव दिले. म्हणजे हे नावच मुळी फरक करण्यासाठी जन्माला आले आहे. सांध्यांच्या बहुतेक तक्रारी झिजेच्या किंवा ताणाच्या असतात, हे मला मान्य आहे. आमवात शंभर प्रौढांमध्ये फार तर एकाला होतो. पण झीज आणि दाह यांच्यातला फरक ओळखायला पहिल्या भेटीत महागडी यंत्रे लागत नाहीत. झिजलेला सांधा सकाळी थोडा आखडतो आणि सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो, वापरला की दुखतो, बसले की शांत होतो. दाह झालेला सांधा विश्रांतीनंतर जास्त धरतो, तासभर किंवा त्याहून अधिक वेळ ताठ राहतो आणि वापराने मोकळा होतो. ‘दुखते का’ या प्रश्नाला दोन्ही रुग्णांचे उत्तर एकच असते. ‘केव्हा आणि किती वेळ’ या प्रश्नाला ते वेगवेगळे उत्तर देतात.

आत काय घडते ते आपण शिकलेले आहात. तरी एका रुग्णाला ते जसे समजले तसे मांडते, कारण ते समजल्यावरच माझ्या १३ महिन्यांचा हिशेब मला लागला. सांध्याच्या पिशवीला आतून एक अस्तर असते. निरोगी माणसात ते पेशींच्या एकदोन थरांचे असते आणि सांध्याला निसरडे ठेवणारा द्रव पुरवते. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती याच अस्तरावर उलटते. तिथे दाहक पेशी गोळा होतात, अस्तर जाड होते, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि मग ते कडेने कूर्चेवर व हाडावर पसरत त्यांना खाऊ लागते. तपासणाऱ्या बोटाला जी सूज मऊ, पिठाच्या गोळ्यासारखी लागते ती हीच. झिजलेल्या सांध्यावरचा उंचवटा हाडासारखा टणक लागतो. याच जातीचे अस्तर स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांच्या म्यानांनाही असते, म्हणून बोट अडकून टचकन सुटणे, मनगटाच्या मागे सूज येणे, किंवा मनगटाच्या अरुंद बोगद्यात नस दबून मुंग्या येणे ही आमवाताची पहिली पावले असू शकतात. माझ्या मनगटाला पट्टा बांधला गेला तेव्हा बोगद्यात हेच फुगलेले अस्तर बसलेले होते. दाह चेतवणाऱ्या रसायनांचे प्रमाण पहाटे सर्वाधिक असते, त्यामुळे सकाळचा ताठरपणा हा रुग्णाचा आळस किंवा अतिशयोक्ती नसून आजाराचे घड्याळ आहे.

या घड्याळाला आणखी एक काटा आहे. आजार सुरू झाल्यापासूनचे पहिले सुमारे तीन महिने उपचाराला सर्वांत चांगला प्रतिसाद देतात, हे आता सर्वमान्य आहे. सांध्याला सूज असलेला रुग्ण सहा आठवड्यांच्या आत तज्ज्ञाने पाहावा आणि आजाराला आवर घालणारे औषध तीन महिन्यांच्या आत सुरू व्हावे, अशी युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. हाडाला एकदा पडलेला खड्डा सहसा भरून येत नाही. वेदनाशामक गोळ्या या काळात रुग्णाला झोप देतात, कामावर जाऊ देतात, आणि त्या द्यायला माझी हरकत नाही. पण त्या हाडाचे नुकसान थांबवत नाहीत. दुखणे कमी झाले म्हणून आजार कमी झाला, असे मी १३ महिने मानत होते. माझ्या उजव्या मनगटाच्या एक्स-रेमध्ये आज जे दोन खड्डे दिसतात ते याच समाधानाच्या काळात पडलेले आहेत.

तपासण्यांबद्दल थोडे लिहिते, कारण चौथ्या दवाखान्यातला तो हसतमुख निरोप मला अजून आठवतो. आर. ए. फॅक्टर हा आमवाताचा शिक्का नव्हे. आमवात असलेल्या पाचांपैकी निदान एकाचा तरी तो निगेटिव्ह येतो, आणि पूर्णपणे निरोगी असलेल्या काही जणांचा, विशेषतः उतारवयात, पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी ही तपासणी अधिक नेमकी आहे, तरी तीही निगेटिव्ह येऊ शकते. ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या सामान्य असूनही दाह असू शकतो. पहिल्या महिन्यांतला एक्स-रे तर बहुधा स्वच्छच असतो, आणि तो स्वच्छ असतानाच उपचार सुरू करायचे असतात. १९८७ चे वर्गीकरणाचे निकष लवकरचा आजार पकडायला तोकडे पडत होते, म्हणून २०१० मध्ये अमेरिकी आणि युरोपीय संघटनांनी मिळून नवे निकष आणले. त्यांची सुरुवात कशाने होते, ते पाहावे : किमान एका सांध्यात डॉक्टरांना स्वतः दिसलेली सूज. म्हणजे कागदावर यंत्राचा आकडा येण्याआधी माणसाचा अंगठा येतो.

सांध्याच्या बाहेरच्या मऊ भागांच्या दुखण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिथे उलट बाजूची घाई होते. कोपर दुखते, टाच दुखते, खांदा दुखतो, की नावाला ‘दाह’ जोडायचा आणि स्टिरॉइडचे इंजेक्शन द्यायचे. कोपराचे दुखणे, म्हणजे टेनिस एल्बो, जुने झाले की त्या कंडरेत दाहक पेशी फारशा सापडतच नाहीत. तिथे तंतूंची वीण विस्कटलेली असते. इंजेक्शनाने पहिले काही आठवडे छान जातात, पण वर्षभरानंतर पाहिले तर इंजेक्शन न घेतलेले रुग्ण अधिक चांगले असल्याचे चाचण्यांत दिसलेले आहे. अशा दुखण्याला ओझे कमी करणे, मग बेताबेताने वाढवत नेलेला व्यायाम आणि धीर हेच लागते. याउलट अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर होणारे दुखणे, ज्याला फ्रिट्झ द कर्व्हें या स्विस शल्यविशारदाचे नाव आहे, त्याला इंजेक्शन बऱ्याचदा चांगले लागू पडते. गुडघ्याच्या वाटीवर किंवा कोपराच्या टोकावर द्रवाची चपटी पिशवी असते, ती बर्सा सुजली तर सांधा आतून ठीक असतो आणि बऱ्याच अंशी हलतोही. मात्र तीच पिशवी लाल आणि गरम झाली असेल तर आत जंतू आहेत का ते आधी पाहावे लागते. गोठलेल्या खांद्याचा रुग्ण आला तर त्याची साखर तपासलेली बरी. एकच टाच किंवा एकच कोपर असेल तर ताणाचा संशय रास्त आहे. दोन्ही टाचांच्या मागे, जिथे कंडरा हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल आणि सकाळी पाऊल टेकवत नसेल, तर प्रश्न टाचेपुरता राहत नाही.

कारण तो तरुण वयातल्या पाठदुखीशी जोडलेला असू शकतो. पंचविशीतला मुलगा सांगतो की पहाटे चारला कंबर धरते, पडून राहिले की वाढते आणि चालले की मोकळी होते, आणि आपण त्याला गादी बदलायला आणि विश्रांती घ्यायला सांगतो. मणक्याच्या या दाहाला, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसला, निदान व्हायला अनेक देशांत सरासरी कित्येक वर्षे लागतात. अशा मुलाचा डोळा पूर्वी कधी लाल होऊन दुखला होता का, घरात कोणाला सोरायसिस हा त्वचारोग आहे का, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे आहेत का, एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सॉसेजसारखे सुजते का, हे सहज विचारता येते. नखे तर न विचारता दिसतात.

लहान मुलांबद्दल एकच सांगते. मूल ‘दुखते’ म्हणत नाही. ते सकाळी लंगडते, कडेवर घ्या म्हणते आणि दुपारी धावते. अशा मुलाच्या सांध्याचा दाह सहा आठवड्यांहून अधिक टिकला तर त्याचे डोळेही तपासावे लागतात, कारण तिथला दाह काहीही न दुखता दृष्टी घालवू शकतो.

एका बाबतीत मात्र सहा आठवडेच काय, सहा तासही थांबू नये. एकच सांधा अचानक सुजला, तापला, हलवता येईना, तर आत पू नाही याची खात्री होईपर्यंत तो पू आहे असेच धरावे, ताप असो वा नसो. तिथे सुई घालायची ती द्रव बाहेर काढण्यासाठी, स्टिरॉइड आत सोडण्यासाठी नव्हे. गाउटही असाच भडकतो, आणि ऐन झटक्यात रक्तातले, गाउटमध्ये एरवी वाढलेले युरिक ॲसिड सामान्य आलेले पाहून तो नाकारला जातो; काढलेल्या द्रवात सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे स्फटिक दिसले की वाद मिटतो. पण स्फटिक आणि जंतू एकाच सांध्यात एकत्रही असू शकतात.

स्टिरॉइडच्या गोळ्यांविषयी माझी खास विनंती आहे. १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला प्रथम कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. दोन वर्षांत त्यांना आणि त्यांच्याबरोबर दोन रसायनशास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. मग औषध थांबवले की आजार परततो आणि चालू ठेवले तर हाडे, साखर, रक्तदाब यांची किंमत मोजावी लागते, हेही लवकरच कळले. आजही तेच चालू आहे, लहान प्रमाणात. निदानाआधी चिठ्ठीत नाव न सांगता दिलेल्या पाच दिवसांच्या त्या छोट्या गोळ्यांनी रुग्णाला देव भेटल्यासारखे वाटते, आणि तज्ज्ञांकडे तो पोहोचतो तेव्हा सूज उतरलेली असते, दाबल्यावर दुखत नाही, आणि निदान पुन्हा महिनाभर लांबते. माझ्या बाबतीत हे दोनदा झाले. तज्ज्ञांच्या भेटीपर्यंत त्या देणे भागच असेल, तर आधी कोणकोणते सांधे सुजले होते ते लिहून ठेवावे आणि गोळीचे नाव रुग्णाला सांगावे.

निदानानंतरही रुग्ण सर्दी-खोकल्याला आपल्याकडेच येणार आहे. तो मेथोट्रेक्झेट हे आमवाताला आवर घालणारे औषध घेत असेल तर ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतल्याने माणसे दगावलेली आहेत. माझ्या संधिवाततज्ज्ञांनी चिठ्ठीवर ‘रविवार’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले आणि त्याखाली रेघ मारली. इतर कोणत्याही दिवशी मी ती डबी उघडत नाही. या रुग्णाला एखादे प्रतिजैविक देताना, विशेषतः ट्रायमेथोप्रिम असलेले, त्याच्या डबीत काय आहे ते आधी विचारावे. ही जोडी रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटवू शकते. स्त्री-रुग्ण गर्भधारणेचा विचार करीत असेल तर ही गोळी बरीच आधी थांबवावी लागते, आणि तो विषय बरेचदा आपल्याच खोलीत पहिल्यांदा निघतो.

गर्दीच्या वेळी एका रुग्णाला किती मिनिटे देता येतात, याची मला कल्पना आहे. म्हणून मी लांबलचक प्रश्नावली मागत नाही. आपल्या केसपेपरवर ताप आणि रक्तदाब लिहायला जशी जागा असते तशी, सांधा दुखतो म्हणून आलेल्या प्रत्येकासाठी, एक ओळ असावी : सकाळचा ताठरपणा, इतकी मिनिटे. आकडा तीसच्या वर गेला तर दोन्ही हात टेबलावर मागावेत आणि बोटांच्या मुळाशी एकदा दाबून पाहावे.

माझा पहिला केसपेपर मी जपून ठेवला आहे. त्यावर माझे नाव आहे, वय आहे, ‘बोटे दुखतात, लेखनाचे काम’ एवढा मजकूर आहे आणि त्याखाली पाच दिवसांच्या गोळ्या आहेत. एकही शब्द चुकलेला नाही. त्या दिवशी ती ओळ त्यावर असती, तर मी तिच्यात ‘४५’ असे लिहून घ्यायला सांगितले असते.

आपली नम्र,
एक रुग्ण